मधपेटी घेण्याआधी: सातेरी की मेलिफेरा, आणि राणी आणायची कुठून?

मधमाश्या पाळायच्या म्हणून जे कोणी विचारायला येतं, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जास्त मध कोणती माशी देते?" त्याच्या मागोमाग दुसरा: "इटालियन राणी कुठे मिळेल?" उत्तरेतल्या मोहरीच्या शेतातले, पेट्यांच्या रांगा दाखवणारे व्हिडिओ बघून झालेले असतात. ते व्हिडिओ खोटे नाहीत. पण ते मोहरीच्या शेतातले आहेत आणि तुम्ही भोर, मुळशी, जावळी नाहीतर संगमेश्वरात राहता.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल माहीत असेल. घाटमाथ्यावर आणि कोकणात सातेरी, म्हणजे आपली देशी माशी, पाळा, राणी तिथलीच ठेवा. पठारावर बागायती पट्ट्यात राहत असाल आणि पेट्या गाडीत घालून फुलोऱ्यामागे फिरायची तयारी असेल, तर मेलिफेरा, म्हणजे बाहेरून आलेली, लोक जिला इटालियन म्हणतात ती माशी, घ्या. पण राणी तुमच्या हवेत निदान एक वर्ष काढलेल्या वसाहतीतली असावी. आता हे का, आणि करायचं कसं, ते क्रमाने बघू.

१. कोणती माशी कोण, ते आधी नीट ओळखा

आग्या उघड्यावर, कड्याला किंवा उंच झाडाला एकच मोठं पोळं लावते. फुलोरी झुडपात तळहाताएवढं पोळं करते. या दोघी पेटीत राहत नाहीत. डंख नसलेल्या इवल्या माशीचा विषय वेगळा आहे. पेटीत राहणाऱ्या, म्हणजे अंधारात समांतर पोळी बांधणाऱ्या माश्या दोनच: आपली सातेरी आणि बाहेरून आलेली मेलिफेरा.

सातेरी झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीत, वारुळात मिळते. दक्षिण भारतात तिच्यातही दोन तऱ्हा दिसतात: डोंगरातली काळसर आणि सखल भागातली पिवळसर. मेलिफेरा आपल्या देशात टिकली ती १९६२ ते १९६४ या काळात, नगरोटा बगवान इथे, जे आज हिमाचल प्रदेशात आहे. त्याआधीचे प्रयत्न फसले होते. शास्त्रज्ञ अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक युक्ती केली. आपल्याच भारतीय माशीच्या वसाहतींमधून राणी काढून घेतली आणि तिथे परदेशातून आलेल्या, अंडी घालणाऱ्या मेलिफेरा राण्या दिल्या. त्या परक्या राण्यांची पहिली पिल्लं आपल्या माशीने वाढवली.

या गोष्टीचा अर्धवट भाग ऐकून एक गैरसमज पसरला आहे: सातेरीच्या पेटीत इटालियन राणी सोडली की 'संकरित' माशी तयार होते. तसं होत नाही. सातेरी आणि मेलिफेरा या वेगळ्या जाती आहेत, त्यांचा संकर जगत नाही. वरच्या प्रयोगात जुन्या माश्या वयाने मरत गेल्या आणि उरली ती निव्वळ मेलिफेराची वसाहत. कुणी 'सातेरी-इटालियन क्रॉस' म्हणून पेटी विकत असेल तर नमस्कार करून निघा.

इटालियन, कार्निओलन, कॉकेशियन, उत्तर युरोपातली काळी या सगळ्या मेलिफेराच्याच उपजाती. त्यांचा आपसात संकर अगदी सहज होतो, आणि जगभरात आयात राणीवरून जे वाद चालतात ते मुख्यतः यांच्यावरून.

२. वर्षभराचा फुलोरा लिहून काढा

पेटी घेण्याआधी एक वही करा. तुमच्या घरापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत कोणत्या महिन्यात काय फुलतं ते त्यात लिहा. महाबळेश्वरच्या बाजूला जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा आणि दर सात वर्षांनी येणारी कारवी असते. पठारावर सूर्यफूल, करडई, कोथिंबिरीचं आणि कांद्याचं बियाणं, शेवगा, डाळिंब. बाजरी-मक्यातून परागकण मिळतात, मध नाही; हे नवख्यांच्या लक्षात येत नाही.

सलग दोन महिने वही कोरी राहत असेल तर मेलिफेरा तिथे स्वतःच्या बळावर उभी राहणार नाही. ती मोठी वसाहत करते, खाते भरपूर, आणि तिला पाजायचं म्हणजे साखरेची पोती. सातेरी वसाहत आटोपती ठेवते. उत्पन्नाचं सांगायचं तर सातेरीच्या पेटीतून वर्षाला पाच ते दहा किलो मध म्हणजे चांगलं वर्ष. मेलिफेरा फिरती ठेवली तर पंचवीस-तीस किलो आणि वरही जाते. मात्र त्यात टेम्पोचं भाडं, रात्रीची हमाली आणि राखणदार धरलेला नसतो.

३. राणीचा विचार करण्याआधी नर कुणाचे ते बघा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

राणी पिंजऱ्यात घालून विकत मिळते. नर विकत मिळत नाहीत. कोवळी राणी बाहेर पडल्यानंतर काही दिवसांनी उडते, उंच हवेत दहा-वीस नरांशी तिचा संयोग होतो आणि ते वीर्य साठवून ती पुढे आयुष्यभर वापरते. ते नर कुणाच्या पेटीतले, कुठल्या ढोलीतले, यावर तुमचा काही ताबा नसतो.

म्हणून 'शुद्ध इटालियन' राणीचा हिशेब असा होतो. तुम्ही आणलेली राणी समजा खरंच शुद्ध आहे. वर्ष-दोन वर्षांत माश्या तिला बदलतात. नवी राणी तिचीच मुलगी, पण ती उडते तुमच्या शिवारातल्या नरांबरोबर. तिच्या पोटच्या कामकरी माश्या निम्म्या शिवारातल्या. नातीच्या पोटच्या पाऊण हिस्सा शिवारातल्या. जे गुण बघून पैसे मोजले, ते नातीपर्यंत पातळ होऊन जातात, आणि मग पुन्हा राणी विकत घ्या.

जिथे उपजात शुद्ध राहिली आहे तिथे समुद्र आहे नाहीतर कायदा आहे. ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावर इटलीतल्या लिगुरियाची माशी नेली, १८८५ साली बेट राखीव जाहीर झालं आणि बाहेरची माशी आणायला बंदी आली. स्लोव्हेनियात कार्निओलन सोडून दुसरी उपजात पाळायला कायद्याने मनाई आहे. तुमच्या तालुक्यात यातलं काहीच नाही.

सातेरीच्या बाबतीत ही गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. जंगलातल्या ढोलींमधले नर फुकट येतात, आणि ते तिथल्या पावसातून निभावलेल्या वसाहतींचे असतात. मेलिफेराच्या बाबतीत उलट. आपल्या भागात मेलिफेरा रानात राहत नाही, तेव्हा नर येणार ते फक्त पेट्यांमधूनच. आसपास दुसरा मधपाळ नसेल आणि तुमच्या चारही पेट्या एकाच विक्रेत्याच्या, एकाच राणीच्या लेकींच्या असतील, तर बहीण-भावांतच संयोग होत राहतो. अशा वेळी काही फलित अंड्यांत लिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या येतात. ती कामकरी व्हायच्या ऐवजी नर होतात आणि कामकरी माश्या ती अळी बाहेर येताच खाऊन टाकतात. पिल्लांच्या चौकटीत (चौकट म्हणजे पेटीतलं पोळं धरणारी लाकडी पट्ट्यांची चौकट) मग रिकामी घरंच घरं दिसतात, आणि रोग झाला समजून लोक औषध शोधत फिरतात.

इथे बाहेरची राणी खरोखर लागते, हे मान्य. पण 'बाहेरची' म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातल्या, तुमच्यासारख्याच हवेतल्या मधपाळाची. त्याला तुमची राणी द्या, त्याची तुम्ही घ्या. पैशांचा व्यवहारही लागत नाही.

४. परदेशी राणीचं काय?

सरळ उत्तर: त्या नादी लागू नका. परदेशातून जिवंत माश्या आणायला सरकारी परवानगी लागते. 'सामानातून आणून देतो' म्हणणारा तुमच्या गळ्यात कायद्याचं आणि रोगाचं असं दोन्ही लोढणं अडकवतो.

आयातीच्या बाजूचे म्हणतात की निवड करून पैदास केलेली राणी शांत असते, मध जास्त देते, आणि आपल्याकडे तशी पैदास होतच नाही. यातला शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे, आणि मला तो बोचतो. पण दुसरी बाजू जड आहे. युरोपात अकरा देशांत ६२१ वसाहती ठेवून एक मोठी चाचणी झाली. सोळा वाणांच्या राण्या, काही त्या-त्या ठिकाणच्या, काही बाहेरून आणलेल्या, आणि व्हरोआ या माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवी कोळ्यावर औषध द्यायचं नाही. स्थानिक राणी असलेल्या वसाहती सरासरी ८३ दिवस जास्त जगल्या.

तो व्हरोआ कोळीसुद्धा माश्या हलवण्यातूनच पसरला. तो मुळात सातेरीच्या जातीवरचा. तिथे तो प्रामुख्याने नरांच्या घरातच वाढतो आणि माश्या एकमेकींना साफ करून त्याला आवरतात. मेलिफेरा आशियात आणली तेव्हा तो तिच्यावर गेला, आणि तिच्या कामकरी पिल्लांतही वाढायला लागला. ब्राझीलचा किस्सा तर माहीत असेलच. १९५६ साली शास्त्रज्ञ वॉरविक केर यांनी जास्त मधासाठी आफ्रिकेतून राण्या आणल्या, पुढच्या वर्षी त्यातल्या २६ राण्यांचे थवे निसटले आणि त्या तापट माशीने अमेरिकेतला फार मोठा प्रदेश व्यापला.

सातेरीच्या राण्याही लांबून आणू नका. थाई सॅकब्रूड हा विषाणू १९९१-९२ मध्ये दक्षिणेत पसरला तेव्हा केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती बसल्या. पुढे जे सावरलं ते उरलेल्या वसाहतींच्या जोरावर. अशा टिकून राहिलेल्या वसाहतीची राणी हेच तुमचं भांडवल, आणि ती शेजारच्या डोंगरातच मिळते.

५. पेटी घेताना चौकट हातात धरून बघा

विक्रेता झाकण उघडून 'बघा किती माश्या' म्हणेल. माश्यांच्या गर्दीवर जाऊ नका. पिल्लांची चौकट बाहेर काढायला सांगा आणि ऊन पाठीमागून खांद्यावरून घरांच्या तळाशी पडेल अशी धरा.

प्रत्येक घराच्या तळाशी मधोमध एकच अंडं, तांदळाच्या बारीक कणीसारखं, दिसलं की राणी हजर आहे. एका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, म्हणजे राणी जाऊन दिवस झाले आणि कामकरी माश्याच अंडी घालतायत. सातेरीत हे मेलिफेरापेक्षा लवकर होतं. अशी पेटी फुकट मिळाली तरी नको.

झाकलेली पिल्लं सलग असावीत. मध्ये-मध्ये ठिगळं असतील तर वर सांगितलेली जवळच्या नात्याची भानगड किंवा रोग. झाकण नसलेल्या घरात अळी पाठीवर पडून डोकं वर उचललेली दिसली तर काडीने हळूच उचला. पाण्याची पिशवी लोंबावी तशी ती अख्खी बाहेर आली तर ते सॅकब्रूड. पेटी बंद करा, हात धुवा, आणि त्या दिवशी आपल्या पेट्यांजवळ जाऊ नका.

सातेरीच्या नरांच्या घराला झाकणावर मधोमध बारीक भोक असतं. ते नैसर्गिक आहे. नवखे त्याला कीड समजून पोळं कापून टाकतात.

मेलिफेरा घेत असाल तर व्हरोआ किती आहे ते कळण्यासाठी पिठीसाखरेची चाचणी करूनच घ्या. पिल्लांच्या चौकटीवरून अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण तीनशे, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. आधी राणी त्यांत नाही ना, ते दोनदा बघा. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी फिरवा, मिनिटभर थांबा आणि साखर पांढऱ्या ताटात पाण्यावर झटका. लालसर तपकिरी, चपटे ठिपके मोजा. शंभर माश्यांमागे तीन किंवा जास्त आले तर उपचार झाल्याशिवाय पेटी घेऊ नका. माश्या नंतर परत सोडता येतात, चाटूनपुसून स्वच्छ होतात.

६. नवी राणी देताना घाई नको

राणी दोन तऱ्हेने मिळते: आणलेली किंवा घरच्या घरी वाढवलेली. नवख्याने पहिल्या वर्षी वाढवायच्या फंदात पडू नये असं म्हणतात. मला ते पटत नाही. वसाहतीचं विभाजन केलं की राणी वाढवणं आपोआप शिकता येतं.

थव्याचा हंगाम, म्हणजे वसाहत फुटून थवा वेगळा निघायचा काळ, येतो तेव्हा सगळ्यांत शांत, रोगमुक्त आणि मागच्या पावसात न पळालेल्या पेटीत राणीघरं लागलेली बघा. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लोंबतात ती. राणीघर असलेली एक चौकट, पिल्लांची एक, मध-परागांची एक, माश्यांसकट दुसऱ्या पेटीत हलवा. जुनी राणी त्यात गेली नाही याची खात्री करा. अंड्यापासून राणी बाहेर यायला सोळा दिवस. मग उडणं, संयोग, आणि अंडी सुरू व्हायला आणखी दहा-बारा दिवस. या काळात रोज झाकण उघडून बघायचा मोह आवरा, आणि पेटीची जागा हलवू नका. उडून आलेली राणी वाट चुकते.

आणलेली राणी देण्याची पद्धत अशी:

- जुनी राणी काढा. काही तासांनी, किंवा दुसऱ्या दिवशी, पिंजरा द्या. राणीघरं सुरू झाली असतील तर सगळी मोडा. एक जरी राहिलं तरी नवी राणी गेली.
- पिंजऱ्याचं तोंड पिठीसाखर आणि मध मळून केलेल्या घट्ट गोळ्याने बंद करा. मध स्वतःच्या पेटीतलाच वापरा, बाजारातल्या मधातून रोग येतो.
- पिंजरा पिल्लांच्या दोन चौकटींमध्ये अडकवा, जाळी माश्यांना पोचेल अशी.
- तीन-चार दिवसांनी बघा. माश्या जाळीला घट्ट चावून बसल्या असतील, बोटाने सरकवल्या तरी सरकत नसतील, तर अजून थांबा. जिभा आत घालून राणीला भरवत असतील आणि बोटाने सहज बाजूला होत असतील, तर गोळा खाऊन रस्ता मोकळा करू द्या.
- त्यानंतर आठवडाभर पेटी उघडू नका. मग फक्त अंडी बघा. राणी शोधत बसायची गरज नाही.

७. कागदपत्रं, सामान आणि कुठे जायचं

महाबळेश्वरला महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्यांच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं, आणि साहित्याला निम्मं अनुदान, निम्मी रक्कम तुमची. अर्ज जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात द्यायचा. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. तिथे अभ्यासक्रम चालतात. आणि एक दिवस काढून महाबळेश्वरजवळच्या मांघरला जा. २०२२ मध्ये ते 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथल्या लोकांशी अर्धा तास गप्पा मारल्या की सातेरीबद्दलच्या निम्म्या शंका फिटतात.

सोबत ठेवा: आधार कार्ड, फोटो, बँक पासबुक, शिक्षणाचा किंवा वयाचा दाखला, शेती असल्यास सात-बारा, प्रशिक्षण घेतलेलं असल्यास त्याचं प्रमाणपत्र. पेट्या झाल्या की राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर नोंदणी करा. पेट्या दुसऱ्या राज्यात न्यायच्या असतील तर ती फार उपयोगी पडते. मध बाटलीत भरून विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते.

सामान: धुराडं, जाळीची टोपी, पोळी कापायची सुरी, राणी पिंजरे, साखरपाण्याची भांडी, मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या असलेला स्टँड, आणि मधयंत्र (हे पहिल्या वर्षी उसनं आणा). सातेरीला आयएसआय 'अ' प्रकारची लहान पेटी लागते, मेलिफेराला दहा चौकटींची लँगस्ट्रॉथ. मेणपत्रा (चौकटीत बसवायचा, घरांचा ठसा असलेला मेणाचा पातळ पत्रा) घेताना कोणत्या माशीचा ते विचारून घ्या. मेलिफेराच्या मेणपत्र्यावरची घरं मोठी असतात. सातेरीला तो दिला तर ती वाकडंतिकडं बांधते किंवा नुसती नरांची घरं काढते. दुकानदार 'चालतं हो' म्हणतो. चालत नाही.

८. दोन्ही माश्या एकत्र ठेवू नका, आणि पहिला पावसाळा

'दोन सातेरी, दोन मेलिफेरा, बघू कोण टिकतं' ही कल्पना कितीही शास्त्रीय वाटली तरी टाळा. फुलोरा आटला की मेलिफेरा सातेरीच्या पेट्या लुटते. दोन्हींमध्ये जेवढं जास्त अंतर तेवढं बरं, शक्य असेल तर वेगळं गाव.

सुरुवात करा ती पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे वसाहतीला वाढायला हंगाम मिळतो. शेवटचा मध काढताना हाव धरू नका. चांगल्या भरलेल्या चौकटी जून ते सप्टेंबरसाठी आतच राहू द्या. घाटमाथ्यावर धो-धो पावसात आठ-आठ दिवस माशी बाहेर पडत नाही. उपाशी मेलिफेरा मरते. उपाशी सातेरी पेटी सोडून जाते. साखर आणि पाणी समसमान घेऊन पाक करा, गार झाल्यावर संध्याकाळी, अंधार पडता पडता द्या, आणि एक थेंबही पेटीबाहेर सांडू देऊ नका, नाहीतर लुटालूट सुरू होते. दार माशीपुरतं लहान करा, गांधील माशी येत असेल तर त्याहून लहान. माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी काढून घ्या, त्यांत मेणकिडा पडतो. तळपाट दर आठवड्याला उघडीप बघून खरवडा.

गौरी-गणपतीच्या सुमारास तेरड्याचा, मग सोनकीचा फुलोरा सुरू होतो. तेव्हा दाराशी पायाला परागांचे गोळे लावून येणाऱ्या माश्या दिसल्या की पाक बंद करा, आणि कोणत्या पेटीची राणी पावसातही अंडी घालत राहिली ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात राणीघरं त्याच पेटीतली घ्यायची.